गोळी त्याची, घड्याळ तुमचं

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

"माझं वय पन्नाशीला आलं आहे. सोलापूर जिल्ह्यात आमची थोडी डाळिंबाची बाग आहे. माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान दोघंही एचआयव्हीने गेले. त्यांचा मुलगा चार वर्षांचा असल्यापासून आमच्याकडेच वाढला. त्यालाही जन्मापासून एचआयव्ही आहे. आता तो अठरा वर्षांचा आहे, पुण्यात हॉस्टेलवर राहून डिप्लोमा करतो. सेंटरवरून गोळ्या मीच आणते आणि त्याच्याकडे पोचवते. घरी होता तोवर रात्री नऊची गोळी मी कधी चुकू दिली नाही. रिपोर्ट कायम चांगले असायचे. यंदा दिवाळीआधी मात्र व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) चाळीस हजारांच्या वर गेला. दिवाळीला तो घरी आला तेव्हा त्याच्या बुटांच्या पिशवीत सुट्या गोळ्या सापडल्या, पन्नासेक तरी असतील. विचारलं तर 'विसरलो' म्हणाला आणि बाहेर निघून गेला. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर लाईन, म्हणजे औषधांचा संच, बदलावी लागेल. आमचे हे म्हणतात, शिक्षण बास, घरी आणू. मी त्याला त्याच्या आईची शपथ घातली आहे. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर माझ्यासमोर गोळी घ्यायला लावते, पण आठवड्यातून दोन-तीनदा तो फोनच उचलत नाही. हॉस्टेलच्या रेक्टरना विश्वासात घेऊन सांगू का? त्याला सगळं माहीत आहे, अकराव्या वर्षीच समुपदेशक मॅडमनी समजावलं होतं. मग तो असं का वागतो? आमच्या मायेत काय कमी पडलं?"

ताई,

रेक्टरचं आधी बोलू, कारण ते काम तुम्ही उद्याच करून टाकाल अशी मला धास्ती आहे. सांगू नका. तुमचा भाचा सज्ञान आहे. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे आणि माणसाची स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायला तो मनाई करतो. या कारणावरून शिक्षणसंस्थेला प्रवेश किंवा सोयी नाकारता येत नाहीत, हेही त्यात आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही. तुमच्या मुलाचं अर्धं आयुष्य ही गोष्ट लपवण्यात गेलं आहे. ती तुम्ही परस्पर कुणाला सांगितलीत, तर गोळी राहील बाजूला आणि तो तुमच्यापासूनच लपायला लागेल. हॉस्टेलमध्ये कुणाला तरी माहीत असणं उपयोगाचं ठरू शकतं, हे मात्र खरं. फक्त तो माणूस त्याने निवडायचा. रेक्टरपेक्षा शेजारच्या पलंगावरचा मित्र त्याला जवळचा वाटेल, असं मला वाटतं.

आता "विसरलो" या उत्तराकडे बघू. ते तुम्हाला पटलेलं नाही, मलाही नाही. जो विसरतो, त्याच्या गोळ्या डबीत उरतात. तुमच्या भाच्याने त्या डबीतून काढल्या, वेगळ्या केल्या, लपवल्या. कशासाठी? सेंटरवर उरलेल्या गोळ्या मोजतात हे तो चालायला लागल्यापासून बघतो आहे. तुम्हीही मोजत असणार. हिशोब जुळावा म्हणून त्याने डबी रिकामी ठेवली. बेफिकीर पोर एवढे कष्ट घेत नाही. हे कष्ट घेतो तो ज्याला तुमचा चेहरा पडलेला बघवत नाही असा मुलगा. म्हणूनच मोजणी आणखी कडक करून काही हाती लागणार नाही. जेवढी कडक मोजणी, तेवढी सफाईने डबी रिकामी होईल. व्हिडिओ कॉलचंही तेच. तोंडात टाकलेली गोळी कॅमेरा बंद झाल्यावर थुंकता येते. मी त्याच्यावर आळ घेत नाही, पहारा कुठवर पोचतो एवढंच सांगते आहे.

त्याऐवजी रात्री नऊ वाजता त्या खोलीत काय चालू असतं, याचा विचार करा. तुमच्या घरी नऊ म्हणजे जेवणं उरकलेली, मावशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी, विचारणारं कुणी नाही. हॉस्टेलवर नऊ म्हणजे मेसवरून परतलेली तीन-चार पोरं, मोबाईल, गप्पा, कुणाचा तरी वाढदिवस. त्यात कपाट उघडायचं, प्लॅस्टिकची डबी काढायची. ती खडखडते, आणि अनोळखी गोळीचं नाव आजकाल कुणीही फोनवर टाकून बघतं. एक दिवस सबब चालते, रोज कशी चालेल? वरून नेमका त्याच वेळी मावशीचा व्हिडिओ कॉल. फोन न उचलण्याचं कारण मला तरी यात स्वच्छ दिसतं.

आणि मुळात नऊ कशाला? आज बहुतेक प्रौढांना आणि मोठ्या मुलांना सरकारी केंद्रांतून टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅविर अशी तिन्ही औषधं असलेली एकच गोळी मिळते. ती दिवसातून एकदा, कोणत्याही ठरलेल्या वेळी, जेवून किंवा उपाशीपोटी घेता येते. रात्रीचा आग्रह बराचसा आधीच्या गोळीपासून चालत आला आहे. तिच्यात एफाव्हिरेन्झ असायचं, त्याने गरगरायचं, चित्रविचित्र स्वप्नं पडायची, म्हणून झोपताना घ्या म्हणत. डोल्युटेग्रॅविरने उलट काहींची झोप उडते. त्यांना सकाळचीच वेळ बरी पडते. तेव्हा भाच्याची गोळी कोणती ते बघा आणि ती सकाळी दात घासल्यावर घेतली तर चालेल का, हे त्यालाच डॉक्टरांना विचारू द्या. (तुमच्याकडे एकादशी कडक असेल म्हणून सांगून ठेवते: गोळीने उपवास मोडत नाही. आणि "औषध उष्ण पडतं" म्हणून उन्हाळ्यात खाडा करायचा नाही.)

वेळ बदलून, डबी बदलून अर्धं काम होईल. उरलेलं अर्धं अवघड आहे.

तुम्ही लिहिता, त्याला सगळं माहीत आहे. अकराव्या वर्षी एका बंद खोलीत त्याला काही सांगितलं गेलं, एवढं तुमच्या पत्रावरून कळतं. त्या वयाच्या मुलाला सांगतात ते असं: रक्तात एक विषाणू आहे, तो शिपाई पेशींना मारतो, गोळी त्याला झोपवून ठेवते. अकराला ते पुरतं. अठराला प्रश्न निराळे असतात. मला कुणी आवडली तर? तिला सांगायचं कधी? लग्न होईल का? मूल झालं तर त्यालाही होईल का? नोकरीत तपासणी मागितली तर? या सात वर्षांत यातलं काहीही तुमच्या घरात बोललं गेलं का? बहुतेक घरांत नाही बोललं जात. गोळी दिली जाते, पाणी दिलं जातं आणि विषय तिथेच मिटतो. अशा घरात वाढलेल्या मुलासाठी ती गोळी म्हणजे, ज्याबद्दल कुणी बोलत नाही त्याची रोजची आठवण होऊन बसते. चार दिवस ती घेतली नाही तर चार दिवस तो फक्त डिप्लोमाचा विद्यार्थी असतो, आणि त्या चार दिवसांत त्याला काही होतही नाही. ताप नाही, अशक्तपणा नाही. सगळ्यात फसवं हेच असतं.

मग ती शपथ. ताई, रागावू नका, पण ती मागे घ्या. त्याच्या आईनेही औषधं घेतली असणार. आणि तरी ती गेली. चार वर्षांच्या पोराने हे पाहिलं आहे. सरकारी केंद्रांत मोफत औषधं 2004 पासून मिळू लागली, पण त्या काळी सीडी फोर पेशी (आजारांशी लढणाऱ्या शिपाई पेशी) बऱ्याच खाली उतरेपर्यंत ती सुरू होत नसत. कित्येक जण टीबीने किंवा दुसऱ्या आजाराने खंगल्यावरच केंद्रात पोचायचे. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वर आली आणि 2017 पासून तपासणीत एचआयव्ही निघालेल्या प्रत्येकाला लगेच औषध द्यायचं ठरलं. आईला औषध मिळालं तरी ती का वाचली नाही, याचं उत्तर तिच्या केसपेपरात असेल, तुमच्या आठवणीत असेल. ते त्याला कुणी दिलं आहे का? नसेल, तर त्याच्या मनात एक साधा हिशोब तयार असू शकतो: गोळ्या घेऊनही मरायचंच आहे. अशा मुलाला रोज आईची आठवण घालून गोळी घ्यायला लावणं उलटंच पडेल. "शपथ सुटली" म्हणून मोकळं करा त्याला. आणि कधीतरी निवांत बसून त्याच्या आईबद्दल सांगा. तिच्या आजारपणाबद्दलही, आणि ती तुमची धाकटी बहीण म्हणून कशी होती त्याबद्दलही.

अठरा वर्षांच्या मुलाला गोळी घ्यावीशी वाटेल असं सगळ्यात मोठं कारण बहुधा त्याला कुणी नीट सांगितलेलं नाही. नियमित औषधाने व्हायरल लोड इतका खाली जातो की तपासणीत विषाणू सापडत नाही, आणि तो तसा दबलेला राहिला तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. जोडप्यांच्या मोठमोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासांत, विषाणू असा दबलेल्या जोडीदाराकडून एकही लागण आढळली नाही. अशी माणसं लग्नं करतात, त्यांना मुलं होतात. योग्य उपचारात ती मुलं जवळजवळ कधीच बाधित नसतात. आज चाळीस हजारांवर असताना मात्र हे त्याला लागू नाही, तोवर कंडोम हवाच. हेही त्याला त्याच दमात कळायला हवं. हे सगळं मावशीनेच बोललं पाहिजे असं नाही. तुमची जीभ अडखळणार, त्याचे कान लाल होणार. केंद्रातल्या समुपदेशकाला आधी फोन करा आणि सांगा की आता याच्याशी मोठ्या माणसासारखं बोला, आणि मी खोलीबाहेर बसेन.

"लाईन बदलावी लागेल" या वाक्याने तुमची झोप उडाली आहे, म्हणून त्याबद्दल थोडं. आकडा हजाराच्या वर आला की लगेच औषध बदलत नाहीत. आधी काही महिने समुपदेशन वाढवतात, गोळ्या नीट पोटात जातील असं बघतात आणि साधारण तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात. गोळ्या पिशवीत होत्या म्हणून आकडा चढला असेल, तर त्या पोटात जाऊ लागल्यावर तो पुष्कळदा त्याच औषधावर उतरतो. डोल्युटेग्रॅविर त्या बाबतीत चिवट औषध आहे. म्हणून ढिलाई नको, कारण अर्धवट औषधाचं काय होतं हे डाळिंबवाल्यांना मी काय सांगायचं: अर्धी-मुर्धी फवारणी केली की कोवळी कीड मरते, निबर राहते आणि पुढच्या खेपेला त्या औषधाला जुमानत नाही. तसं झालंच तर दुसऱ्या लाईनची औषधंही सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात. गोळ्या वाढू शकतात, पुढचे पर्याय कमी होतात, पण आयुष्य संपत नाही. त्याला घाबरवायला हा शब्द वापरू नका. घाबरवून ज्याला औषध दिलं, तो रिपोर्टच्या आधी आठवडाभर नीट घेतो आणि नंतर सोडतो.

घरी आणण्याचं म्हणाल तर मी तुमच्या यजमानांच्या विरोधात आहे. दोन महिने आकडा सुधारेल, कारण तांब्या घेऊन तुम्ही उभ्या राहाल. पुढे? कधीतरी त्याला एकट्याने राहायचंच आहे. शिवाय शिक्षण सुटलं ते या आजारामुळे, हा हिशोब तो गोळीच्याच खात्यावर मांडेल.

मला खटकलं ते दुसरंच. गोळ्या अजून तुम्ही आणता. तो स्वतः शेवटचा रांगेत कधी उभा राहिला? त्याने त्याचा रिपोर्ट स्वतःच्या डोळ्यांनी वाचला का? आजवर हे सगळं तुम्ही केलंत आणि उत्तम केलंत. पण दहावीनंतर हळूहळू ते त्याच्या हाती जायला हवं होतं. ते गेलं नाही आणि एका जूनमध्ये तो एकदम शंभर कोसांवर जाऊन पडला. आता दोन वाटा आहेत. एक, पुण्यातल्या एखाद्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रात, नाव बदली करून घेणं. बदलीचं पत्र तुमचं सध्याचं केंद्र देतं. तिथे त्याला स्वतःचा डॉक्टर मिळेल, ओळखीचं कुणी भेटायची भीती कमी. खोट एवढीच की केंद्रं बहुधा सकाळची असतात आणि सध्या त्याला वरचेवर बोलावतील, म्हणजे कॉलेजची हजेरी बुडेल. दुसरी वाट म्हणजे जुनंच केंद्र ठेवायचं, जिथे सगळे त्याला लहानपणापासून ओळखतात. आकडा उतरून स्थिर झाला की एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्याही देतात. माझा कल पहिल्या वाटेकडे आहे. पण निवड त्याला करू द्या आणि तो दुसरी निवडेल तर मुकाट्याने मान्य करा.

त्या पन्नास गोळ्या त्याला परत देऊ नका. ओलावा शोषणारी पुडी असलेल्या डबीबाहेर त्या किती दिवस पडून होत्या कुणास ठाऊक. त्या केंद्रात परत करायच्या, आणि शक्यतो त्याने स्वतः, "एवढ्या घेतल्या नाहीत" असं सांगून. चांगला डॉक्टर यावर ओरडत नाही. ओरडलाच, तर समुपदेशकाकडे जायचं.

तुमच्यासारखीच, पण वेगळ्या घरांतली पत्रं या सदराकडे येतात, म्हणून त्यांच्यासाठीही काही. सासरी लपवून गोळ्या घेणाऱ्या बायकांना, खोलीवर चौघांत राहणाऱ्या कामगारांना सांगणं हे की मूळ डबी कुलपात ठेवावी आणि तीन-चार दिवसांपुरत्या गोळ्या छोट्या घट्ट झाकणाच्या डबीत पर्समध्ये किंवा बॅगेत बाळगाव्यात. ऊसतोडीला निघणाऱ्यांनी दसऱ्याआधीच केंद्रात सांगावं की आम्ही सहा महिने बाहेर आहोत. जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा वाटेतल्या केंद्रातून घेण्याची सोय यावर तेव्हाच बोलता येतं. फडावर पोचल्यावर गोळ्या संपल्या तर मुकादम सुट्टी देत नाही. एसटीत प्रवास सवलत आहे, पण कार्ड गावच्याच कंडक्टरला दाखवावं लागतं म्हणून कितीतरी जण ती घेत नाहीत आणि भाड्याला पैसे नसले की तारीख चुकवतात. असं होत असेल तर समुपदेशकाला लाज न बाळगता सांगा, जवळच्या लिंक केंद्रातून (मोठ्या केंद्राला जोडलेल्या छोट्या केंद्रातून) गोळ्या मिळू शकतात का ते विचारा. पित्तासाठी घ्यायचं गुलाबी औषध, कॅल्शियम, लोह, जिममध्ये खपणाऱ्या खनिजांच्या गोळ्या या डोल्युटेग्रॅविरला पोटात अडवतात. एचआयव्हीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. टीबीचं किंवा साखरेचं औषध सुरू होत असेल तर दोन्हीकडच्या डॉक्टरांना सांगणं भागच आहे, मात्रा बदलावी लागू शकते. आणि ज्या दिवशी दारू प्यायली त्या दिवशी गोळी नको, हा समज काढून टाका. दारू वाईटच, पण गोळी चुकवणं त्याहून वाईट. चुकली तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या गोळीची वेळ तोंडावर आली असेल तर चुकलेली सोडा. दोन एकदम नाही.

पुन्हा तुमच्याकडे, ताई. पहिला फोन कसा करायचा असं विचाराल तर असा: रात्री नऊला नाही, रविवारी दुपारी. गोळीचा शब्द न काढता जेवला का, पेपर कसे गेले. मग एवढंच: "मी तुला शपथ घातली ती चुकलं माझं, सुटली ती. गोळ्या सापडल्या म्हणून मी रागावले नाही, घाबरले. तिथे गोळी घेणं अवघड जात असणार. नक्की काय अवघड जातं ते मला सांगशील का? आज नको तर पुढच्या वेळी सांग." आणि गप्प बसा. तो गप्प राहील, राहू द्या. उपदेश करायचा मोह होईल, तेव्हा फोन यजमानांकडे द्या, त्यांना क्रिकेट बोलू द्या. पण त्याच्या बोलण्यात "जगून काय करायचं" असा सूर आला, जेवण-झोप तुटली, कॉलेजला जाणं बंद झालं, तर वाट बघू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलतात, आणि पुण्याला गाडी पकडायला तुम्हाला कुणाची परवानगी नको. खोकला, ताप, वजन उतरणं यांतलं काही असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता केंद्र गाठायचं.

मायेत काय कमी पडलं, हे तुम्ही शेवटी विचारलंत. जन्मतः एचआयव्ही असलेल्या आणि उपचार न मिळालेल्या बाळांपैकी जवळजवळ निम्मी दोन वर्षांच्या आत दगावतात. लहान मुलांसाठीचा राष्ट्रीय उपचार कार्यक्रम आपल्याकडे 2006 च्या अखेरीस सुरू झाला, म्हणजे तुमचा भाचा जन्मला त्याच सुमारास. सरकारी औषधांवर लहानपणापासून मोठ्या झालेल्या पहिल्या मुलांपैकी तो एक आहे, आणि औषध रोज त्याच्या तोंडापर्यंत पोचवलं ते तुम्ही. या वयाला येऊन अशी मुलं गोळ्यांना कंटाळतात हे जगभर दिसतं, सख्ख्या आईबापांच्या घरातही. पण तुम्ही स्वतः हे कुणाशी बोलता? पत्रात नवऱ्याशिवाय कुणाचं नाव नाही. 1097 ही एड्स नियंत्रण कार्यक्रमाची मोफत हेल्पलाईन नातेवाइकांसाठीही आहे, आणि तुमच्या केंद्रातल्या समुपदेशकाची एक वेळ फक्त स्वतःसाठी मागून घ्यायला हरकत नाही.

तीन महिन्यांनी पुढचा रिपोर्ट येईल. तो आधी त्याला बघू द्या. तुम्हाला सांगायचं की नाही, हे त्याच्यावर सोडा. त्याने सांगितलं तर मलाही कळवा, आकडा उतरलेला नसला तरी.